गावाच्या कमरेची जबाबदारी

ज्या सकाळी मी अल्लीपूर सोडलं, त्या सकाळी आमच्या दारात शेजारचे दौलतकाका पालथे पडलेले होते. मला अडवण्यासाठी नव्हे. त्यांच्या कमरेत उसण भरली होती आणि नागपूरच्या विमानतळावर नेणारी गाडी दाराशी लागलेली पाहून त्यांचा धीर सुटला होता. शर्ट वर सरकवून ते उंबरठ्याला लागून आडवे झाले आणि फरशीवर गाल टेकवून म्हणाले, "वंदाबाई, जाता जाता एक लात देऊन जाय वं. मंग आमाले कोण देते?"

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढून आलेली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. गावात त्याचे नियमही ठरलेले होते. दुखणाऱ्याने उंबरठ्याच्या आत पडायचं, पायाळूने बाहेर उभं राहायचं आणि पाय आत टाकायचा. अनवाणी पाय, सकाळची वेळ, आणि मोबदला काही घ्यायचा नाही. घेतला तर गुण जातो. मी चालायला लागल्यापासून हे काम बिनपगारी करत होते.

त्या दिवशी माझ्या पायात थंड देशासाठी घेतलेले नवे बूट होते. मी पाय उचलला तर काका खालूनच ओरडले, "बूट काढ वो बाप्पा! चामड्यातून गुण उतरते का?" गाडीवाला हॉर्न वाजवत होता, आई हातात दह्याची वाटी घेऊन उभी होती आणि मी अंगणात वाकून बुटाच्या नाड्या सोडत होते. मग पाय ठेवला. काका उठले, कंबर इकडे वळवली, तिकडे वळवली, "झालं, मोकळी झाली" म्हणाले, आणि माझी सगळ्यात जड बॅग स्वतः उचलून गाडीत टाकली. ते पाहून गाडीवाल्याने मला आदराने दार उघडून दिलं.

बाबा हे सगळं दुकानाच्या पायरीवरून बघत होते. आमचं कापडाचं दुकान घराला लागूनच. निरोपाचं मोठं भाषण करण्यातले ते नव्हेत. गाडीच्या खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "तिकडे हे कोणाले सांगू नको."

मी बरीच वर्षं सांगितलं नाही.

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना वाटतं, परदेशात गेलेली पोरगी तिथल्या विज्ञानाने शहाणी होते आणि मग गावाला हसते. माझं उलट आहे. माझा अविश्वास मी अल्लीपुरातच कमावला. ज्याला लोक देव करतात त्याला देवाबद्दल सगळ्यात आधी शंका येते, कारण आपल्या आत काय चाललंय हे त्याला माहीत असतं. लोकांच्या पाठीवर पाय ठेवताना माझ्या डोक्यात न झालेला गृहपाठ असायचा, नाहीतर हिंगणघाटच्या बाजारातून बाबा काय आणतील हा विचार. माझ्या टाचेतून काहीही उतरत नव्हतं. तरी माणसं उठून नीट चालायची.

का चालायची, हे मी फार लवकर ओळखलं. एक तर उसण चार-सहा दिवसांत आपली आपणच जाते आणि लोक यायचे ते सगळे घरगुती उपाय करून कंटाळल्यावर, म्हणजे ती जायच्या बेताला आल्यावर. दुसरं म्हणजे, अर्ध्या गल्लीसमोर एका पोट्टीची लाथ खाऊन उठलेल्या माणसाला "कसं वाटते?" असं विचारलं, तर तो नाही कसं म्हणेल? आणि ज्यांना खरंच बरं वाटलं नाही ते परत आलेच नाहीत, ते हिंगणघाटच्या डॉक्टरकडे गेले. त्यामुळे माझ्या कीर्तीला कधीही डाग लागला नाही. पुढे मोठमोठ्या लोकांच्या कीर्तीबद्दल वाचताना मला ही गोष्ट नेहमी आठवत आली आहे.

आई मात्र या सगळ्यावर मनापासून विश्वास ठेवायची. पायाळूवर वीज पडते, म्हणून आभाळ गडगडलं की मला घरात कोंडायची. मी इंग्लंडला निघाले तेव्हा तिची पहिली चौकशी होती, "तिकडे इजा चमकते का वं?" मी लीड्सला राहते. इथला पाऊस दिवसभर पडतो, पण कुरकुरत, हलक्या आवाजात, शेजाऱ्यांना त्रास न देता. विजा क्वचित. आईचा जीव निम्मा तिथेच शांत झाला.

आणि बाबा? ते माझ्या पायाखाली कधीच आले नाहीत. कापडाची ठाणं वरच्या फळीवरून उतरवून त्यांची कंबर वरचेवर धरायची. पण ते तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधायचे आणि शेकत बसायचे. लेकीच्या पाया पडायचं असतं, तिचा पाय बापाला लागला तर पाप तिच्या माथी, असं त्यांचं म्हणणं. "गावाले देजो तू लाता," ते म्हणायचे. "मले नाई."

लीड्समध्ये मी विमा कंपनीत दावे तपासते. गाडीला मागून धक्का बसला, मानेला हिसका बसला, मग अमुक इतके उपचार घेतले, त्याची भरपाई द्या, असे दावे. माणसाची मान खरोखर दुखते की फक्त कागदावर दुखते, हे ओळखणं हे माझं काम. या कामासाठी लहानपणची माझी तयारी इतर कुणाहीपेक्षा चांगली झाली होती. त्या कागदांत एक शब्द सारखा यायचा, ऑस्टिओपॅथी. हाताने करायचा उपचार. त्याची बिलं वाचली की मला उंबरठ्यावरचे दौलतकाका दिसायचे. फरक एवढाच, की इथे मोबदला घेऊनही गुण जात नव्हता.

मग माझीच पाठ धरली. सुटे भाग आणून घरी जोडायचं एक कपाट मी घेतलं होतं. त्याचं खोकं उचलताना कमरेत अशी कळ आली, की मी बराच वेळ खोक्याला मिठी मारून तशीच उभी राहिले. घरात दुसरं कोणी नव्हतं. इथल्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी दिली, हालचाल चालू ठेवा म्हणाले आणि फिजिओथेरपीच्या रांगेत नाव घातलं. रांग लांब होती. ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या ऑस्टिओपॅथचा पत्ता दिला. ज्यांच्या बिलांवर मी आयुष्यभर लाल पेन चालवला त्यांच्याच दारात मी वाकून, दुकानाच्या काचा धरत, जाऊन पोचले.

खोली जशी असायला हवी तशीच होती. कोपऱ्यात खुंटीला टांगलेला प्लास्टिकचा पाठीचा कणा. भिंतीवर चौकटीतली प्रमाणपत्रं. कुठूनतरी बासरी. टेबलावर गुळगुळीत पत्रक होतं, त्यात लिहिलेलं की शरीर हे एकसंध आहे, त्याची रचना आणि त्याचं काम एकमेकांवर अवलंबून असतं, आणि स्वतःला बरं करण्याची ताकद त्याच्यातच असते. हात फक्त वाटेतले अडथळे काढतात. पुढे पचन, झोप, डोकेदुखी, दमा, तान्ह्या बाळाचं रडणं, सगळ्यावर या हातांचा उपयोग. हे वाचून मी सावध झाले. एकाच उपायाने सगळं बरं होतं असं म्हणणारा माणूस मला आमच्या जवळच्या जाम गावाच्या चौकात, हायवेच्या कडेला, जडीबुटीची चादर पसरून बसलेला माहीत आहे. त्याच्याकडे निदान बासरी नव्हती.

घरी येऊन मी वाचून काढलं, कारण मला दुसरं काही येत नाही. या उपचाराची कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन डॉक्टरची. अमेरिकेत आज हे नाव लावणारे पूर्ण डॉक्टर असतात. इंग्लंडमध्ये ते डॉक्टर नसतात, पण कायद्याने नोंदणी असल्याशिवाय कुणाला हे नाव लावता येत नाही. स्नायू मळणं, ताणणं, सांधे हळूहळू हलवणं, कधी एक झटका देऊन कट्ट असा आवाज काढणं, एवढी त्यांची हत्यारं. कंबरदुखीला थोडाफार उपयोग होतो असं अभ्यास सांगतात, साधारण व्यायामाने होतो तेवढा. दमा, पचन, बाळाचं रडणं यांच्याबद्दल पत्रकाला जेवढी खात्री होती तेवढी पुराव्याला दिसली नाही.

पण मी सांगतेय त्या पहिल्या भेटीत एक गोष्ट माझ्या अंदाजाप्रमाणे झाली नाही. तो माणूस, त्याचं नाव ॲलन, मला हात लावेचना. तो नुसता विचारत बसला. दुखणं रात्री झोपेतून उठवतं का? पडून राहिलं तरी कमी होत नाही का? वजन आपोआप उतरलं का? ताप येतो का? पायात मुंग्या, अशक्तपणा? बसतो त्या जागी बधिरपणा? लघवीवर ताबा आहे ना? मी मनात म्हटलं, हा इन्शुरन्ससाठी कागद भरतोय. शेवटी त्याने विचारलं, घरात कुणाला पाठीचा त्रास? तेव्हा बाबांची ताकीद मोडून मी बोलून गेले, की त्रास नाही, पण आमचा हाच धंदा आहे. आणि सगळं सांगितलं.

ॲलन खूप हसला. मग म्हणाला, "आणि पाय ठेवण्याआधी तू त्यांना काय विचारायचीस?"

"काही नाही. ते पडायचे, मी ठेवायचे."

तो हसायचा थांबला. "कॉलेजात आम्हाला हात लावायला शिकवतात," तो म्हणाला, "पण परीक्षेत नापास करतात ते कुठे लावायचा नाही हे चुकलं म्हणून. यातल्या एखाद्या प्रश्नाला तू हो म्हणाली असतीस, तर मी तुला न शिवता दवाखान्यात पाठवलं असतं."

मग त्याने हात ठेवला. इथून पुढचं लिहायला मला थोडं अवघड जातं. माझ्यासारखे घर सोडून आलेले जे आहेत त्यांना ते न सांगता कळेल. अल्लीपुरात माणसाला नको इतका स्पर्श मिळतो. न्हायला घालताना आई पाठ घासते, आत्या वेणी घालता घालता गुद्दा मारते, ओट्यावर बसलं की कुणाची तरी कोपरं बरगडीत. इथे हस्तांदोलन असतं. ॲलनचा तळवा माझ्या कमरेवर टेकला तेव्हा लक्षात आलं, की कितीतरी महिन्यांत मला कोणी हातच लावला नव्हता, आणि हा लावत होता तोही घड्याळ लावून. माझे डोळे भरून आले. त्याने कागदी रुमालाचा डबा पुढे सरकवला. तो डबा तिथे तयारच होता. म्हणजे मी पहिली नव्हते.

काही आठवड्यांत पाठ बरी झाली. त्याच्या हातांनी, त्याने शिकवलेल्या व्यायामाने, की तशीही होणारच होती म्हणून, मला सांगता येणार नाही. माझ्यापुढे असा दावा आला असता तर मी तो अर्धाच मंजूर केला असता.

त्या हिवाळ्यात मी घरी गेले. माझी वर्दी दौलतकाकांनी गावाला आधीच देऊन ठेवली होती. सकाळी चहा घेईपर्यंत ओट्यावर कमरा धरून मंडळी जमली. सगळ्यात पुढे अर्थात काका. ते सवयीने आत जाऊन पडले. मी बाहेर उभी राहिले, आणि पाय उचलण्याऐवजी तोंड उघडलं. रात्री झोप लागते का, वजन उतरलं का, ताप येतो का.

"सगळं चांगलं चालू हाय," काका फरशीला म्हणाले.

"लघवी बरोबर होते का काका?"

ओट्यावर हसण्याचा फवारा उडाला. काका पडल्या पडल्या मान वळवून ओरडले, "बाप्पा! लात मागाले आलो, तं ही जबानी घेऊन राह्यली! काऊन वं, तिकडे डॉक्टर झाली का पोलीस?"

मी सगळ्यांना विचारलं. कुणालाच काही गंभीर नव्हतं. पाय ठेवले, हलकेच. मंडळी उठली, पण नाराजीने. पोरीचा पाय परदेशात जाऊन जड झाला, असं कुणीतरी जाता जाता म्हणालंच.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बाबा घरात आले. त्यांनी सदरा काढला, खुंटीला अडकवला, आणि उंबरठ्याच्या आत पालथे पडले.

"ठेव वं माय," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी अंगणात सुकत घातलेल्या मिरच्या गोळा करत होते. ज्या माणसाने जन्मभर पाप नको म्हणून मिठाचा शेक घेतला, तो माझ्या पायाखाली येऊन पडला होता. मला आधी दिसलं ते हे. त्यांच्या खांद्यांची हाडं वर आली होती, ते नंतर.

सवयीने माझा पाय उचलला गेला. तो तसाच धरून मी विचारलं, "बाबा, रात्री झोप लागते?"

"मले कायले इचारते? गावाले कशा भराभर लाता देल्ल्या."

उत्तर आईने दिलं, स्वयंपाकघराच्या दारातून. "कायची झोप! रातभर खुर्चीत बसून राह्यते. आडवं होवत नाई. सदरे पाह्य कसे लोंबते. अन् संध्याकायी आंग गरम."

"तू चूप राय वं."

"पायाला मुंग्या येतात?" मी बाबांना विचारलं.

फरशीवरून आवाज आला, "येते कधीमधी. म्हातारपण हाय ते."

मी पाय जमिनीवर ठेवला, अंगणातल्याच. बाबा डोळे मिटून वाट पाहत होते.

"ठेवला का?"

"नाही बाबा."

ते उठले. दाराची चौकट धरून, माझा हात बाजूला सारून, कितीतरी वेळ लावून उठले. सदरा घालताना भिंतीकडे बघत म्हणाले, "गावाले देल्ली. बापाले नाई." संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मला माझी खात्री नव्हती. एका प्लास्टिकच्या कण्याच्या शेजारी बसून ऐकलेल्या प्रश्नांच्या जोरावर मी बापाला नाही म्हटलं होतं, आणि तेही अशा माणसाचे प्रश्न ज्याच्या पत्रकावर माझा विश्वास नव्हता. शेवटी मी सौदा केला. "उद्या वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात चला. तिथून जाऊन आलो की ठेवते."

"वचन?"

"वचन."

वर्ध्याला फोटो काढले, मग यंत्रात घालून आणखी बारीक फोटो काढले, सुईने तुकडा काढून तपासला. मणक्याचा क्षयरोग होता. एक मणका आतून पोखरून खचायला लागला होता आणि मज्जारज्जूवर दाब येऊ लागला होता. तरुण डॉक्टरीणबाई पडद्यावर तो काळा खळगा दाखवत म्हणाल्या, वेळेवर आलात, गोळ्यांनी बरं होईल, पण दीर्घकाळ घ्याव्या लागतील, पट्टा वापरावा लागेल. आणि मग, "कोणाकडून पाठ चोळून, दाबून, तुडवून तर नाही ना घेतली? पाय गेले असते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाई मॅडम," ते म्हणाले. "कोणी तयारच नाई झालं."

मी सुट्टी वाढवली, मग परत गेले. गोळ्यांनी सुरुवातीला त्यांना मळमळायचं, पट्ट्याने कातडी सोलायची. फोनवर तक्रारी ऐकताना मी प्रत्येक वेळी मुंग्यांबद्दल विचारायचे आणि ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "झाली का जबानी?" ॲलनला मी जाऊन सांगितलं. त्याचे आभार मानले आणि त्या पत्रकातून दमा काढून टाक असंही सांगितलं. त्याने आभार स्वीकारले. पत्रक अजून तेच आहे. हाताने आरोग्य सुधारतं का, असं मला आता लोक विचारतात, तेव्हा मी म्हणते, कुणाचा हात, कुठे, आणि आधी काय विचारून, ते सांगा. लोकांना एवढं लांब उत्तर नको असतं.

गेल्या खेपेला घरी पोचले तेव्हा पट्टा निघालेला होता. डॉक्टरीणबाईंनी हिंडा-फिरा, जपून सगळं करा म्हटलं होतं. पहिल्याच सकाळी, ओट्यावरची मंडळी यायच्या आत, बाबांनी सदरा काढून खुंटीला अडकवला.

"वर्ध्याहून आलं की ठेवते म्हनली होती," ते म्हणाले. "आलो."

"बाबा, त्याने काही होत नाही हो. मी लहानपणापासून सांगतेय."

"मले कुठं काही करून घ्याचं हाय? वचन हाय म्हनून म्हनतो."

"आणि पाप?"

"ते मी पाहून घेतो."

ते पडले. त्यांच्या पाठीच्या मधोमध आता एक छोटा उंचवटा आहे, खचून सांधलेल्या मणक्याचा. तो राहणारच. मी बाहेर उभी राहिले, चपला काढल्या, चौकट घट्ट धरली. सगळा भार अंगणातल्या पायावर घेतला आणि दुसरा पाय उंबरठ्याच्या आत टाकून त्या उंचवट्यापासून लांब, कमरेच्या बाजूला, नुसता टेकवला. चिमणीसुद्धा यापेक्षा जड बसली असती.

घर म्हणजे आता काय, असं तुम्ही दोन्हीकडचे मला विचारता. तिथे राहिलेले थोडं रागाने विचारतात, इकडे आलेले थोडं हळवे होऊन. मला त्या सकाळच्या उभं राहण्याखेरीज दुसरं उत्तर सुचत नाही. सगळं वजन बाहेरच्या पायावर, तिथेच ते पेलायचं, कारण आत पडलेल्या माणसावर ते टाकण्याची आता सोय नाही. आणि दुसरा पाय आत, भार न देता, पण टेकलेला. फार वेळ असं उभं राहता येत नाही. पोटरीत गोळा येतो.

बाबांचे डोळे मिटलेले होते. पाय इतका हलका होता की त्यांना कळलंच नसावं.

"ठेवला का?" त्यांनी विचारलं.

"ठेवला, बाबा."